घरातील झाड आणि कात्री

पुण्यातील जुन्या वाड्यांना झाडांसाठी निराळी जागा शोधावी लागत नसे. चौकात तुळशीवृंदावन असे. परसात जास्वंद, कण्हेर आणि पारिजातक उभे असत. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ आपोआप वाढत. माणसाने आठवण ठेवून दोन तांबे पाणी घातले तरी पुरे होई. बाकीचे काम ऊन, पाऊस आणि खालची खोल जमीन करीत असे.

पुढे पेठांतील वाडे पडले व त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. परसाची जागा सज्जाने घेतली आणि चौकाची जागा खिडकीच्या कट्ट्याने. तरीही माणसाची झाडांची ओढ काही गेली नाही. झाडे कुंडीत बसून माणसाबरोबर वरच्या मजल्यावर राहावयास आली. मात्र या बदलात झाडाचे एक मोठे नुकसान झाले. जमिनीतील झाडाला तहान लागली तर ते मुळे खोल पाठवून पाणी शोधते. कुंडीतील झाडाला वीतभर मातीच्या पलीकडे जाता येत नाही. त्याचा पाऊस म्हणजे घरातील माणसाचा हात आणि त्याचे आकाश म्हणजे खिडकी. म्हणून घरात झाड आणणे हे एखादी शोभेची वस्तू आणण्यासारखे नसते. ती एका सजीवाची जबाबदारी असते.

अशा घरात राहणाऱ्या झाडांपैकी एक अतिशय सोशिक झाड म्हणजे स्पायडर प्लांट होय. जानेवारी महिन्यात पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. तेथे फुलांचे ताटवे पाहून बाहेर पडणारी पुष्कळ माणसे जाता जाता एखादे रोप विकत घेतात. ज्यांना झाडांचा फारसा अनुभव नाही, त्यांना जाणते बागवान हेच झाड सुचवितात. ते लवकर मरत नाही, जागा थोडी घेते आणि आपली संख्या आपणच वाढविते, ही त्याची कारणे होत.

हे झाड ओळखणे अगदी सोपे आहे. त्याला उभे खोड दिसत नाही. मातीतून लांब, अरुंद, गवतासारख्या पानांचा झुबका निघतो आणि कारंज्याच्या धारेप्रमाणे ती पाने चहूकडे वळून खाली झुकतात. काही झाडांची पाने संपूर्ण हिरवी असतात. काहींच्या पानांच्या मधोमध, तर काहींच्या कडांना पांढरा पट्टा असतो. झाड मोठे झाले की झुबक्यातून लांब दांड्या बाहेर पडतात. त्यांवर सहा पाकळ्यांची बारीक पांढरी फुले येतात आणि पुढे दांडीच्या टोकाशी छोटी छोटी रोपे लोंबू लागतात. धाग्याच्या टोकाला कोळी लोंबावा तशी ती दिसतात. इंग्रजीत कोळ्याला स्पायडर म्हणतात. त्यावरून झाडाला हे नाव पडले.

त्याचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम कोमोसम असे आहे. क्लोरोफायटम याचा ग्रीक भाषेतील अर्थ 'हिरवी वनस्पती', आणि कोमोसम म्हणजे लॅटिनमध्ये 'केसांचा झुबका असलेले'. हे झाड मूळचे आफ्रिका खंडातील. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल थनबर्ग यांनी १७९४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या मायदेशी ते मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढते. तेथे पानांतून गाळून आलेला सौम्य प्रकाश त्याला मिळतो. पाऊस कधी येतो, कधी दडी मारतो. त्या कोरड्या दिवसांची तरतूद म्हणून हे झाड आपल्या जाड, पांढऱ्या, मांसल मुळांत पाणी साठवून ठेवते. घरात त्याची काळजी कशी घ्यावी, याची सारी सूत्रे या दोन गोष्टींत आहेत: त्याला सौम्य प्रकाश आवडतो आणि त्याच्यापाशी पाण्याचा स्वतःचा साठा असतो.

प्रथम प्रकाशाचा विचार करू. पूर्वेकडील खिडकी या झाडाला फार मानवते. सकाळचे कोवळे ऊन त्याला सोसते. पश्चिमेच्या सज्जात चैत्र-वैशाखाचे दुपारचे ऊन थेट पानांवर आले, तर पाने करपतात. उलट अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवल्यास ते मरत नाही, पण पाने लुळी पडतात आणि पांढरे पट्टे फिके होतात. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते. अन्न तयार करण्याचे सारे काम हिरव्या भागाला करावे लागते. प्रकाश कमी पडला की झाडाला अन्नही कमी पडते.

पाण्याच्या बाबतीत मात्र चुका फार होतात, आणि आश्चर्य असे की त्या बहुधा प्रेमापोटी होतात. एखाद्या घरी नवे रोप येते. घरातील मुले हौसेने त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात. चार दिवस झाड टवटवीत दिसते. मग पाने मलूल होतात. 'झाडाला तहान लागली असावी,' असे समजून मुले आणखी पाणी घालतात. पाने अधिकच पडतात, पिवळी होतात आणि एके दिवशी सारा झुबका मुळापासून हातात येतो.

येथे घडले ते असे. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत ही हवा असते. पाणी सतत घालत राहिले की त्या पोकळ्या पाण्याने भरून जातात, मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषून घेता येत नाही. म्हणून भोवती पाणीच पाणी असूनही पाने तहानेने सुकतात. कोरडे पडलेले झाड आणि बुडालेले झाड वरून सारखेच दिसते! त्यांतील भेद डोळ्यांनी कळत नाही, तो बोटाने कळतो. मातीत बोटाची दोन पेरे घालून पाहावीत. ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये. माती कोरडी लागली तर कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश पाणी घालावे.

या परीक्षेमुळे 'दर किती दिवसांनी पाणी घालावे' हा प्रश्नच उरत नाही. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की माती दोन-तीन दिवसांत सुकते. आषाढ-श्रावणात झिमझिम पाऊस असताना तीच माती आठ-दहा दिवस ओली राहते. एकच नियम दोन्ही ऋतूंना लावला, तर एका ऋतूत झाड सुकेल आणि दुसऱ्या ऋतूत कुजेल. सुटीत घरची मंडळी आठवडाभर गावी गेली, तर हे झाड आपल्या मुळांतील साठ्यावर तग धरते. थोडी तहान त्याला सोसते. दलदल मात्र सोसत नाही.

कुंडीखालील बशीत जमलेले पाणी लगेच ओतून टाकावे. त्याने मुळे कुजतात, आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे अशा स्वच्छ, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्या अंड्यांपासून नवे डास तयार होऊ शकतात. बशीभर पाण्याचा आळस साऱ्या घराला आणि शेजाऱ्यांनाही आजारात लोटू शकतो.

माती निवडतानाही हेच तत्त्व लक्षात ठेवावे. दख्खनच्या पठारावरील काळी माती पिकांना उत्तम असली, तरी कुंडीत ती एकटी वापरू नये. ती ओली झाली की फुगते व पाणी धरून ठेवते. सुकली की आवळते व तिला भेगा पडतात. कुंडीसाठी तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी जाड वाळू यांचे मिश्रण करावे. ते हाताने दाबले असता गोळा व्हावा आणि टिचकी मारताच तो फुटावा, इतके भुसभुशीत असावे.

आता कात्रीकडे वळू. हे झाड पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक तक्रार असते: पाने हिरवीगार, पण त्यांची टोके तपकिरी होऊन वाळतात. ती दिसायला वाईट दिसतात. मनुष्य कात्री घेतो आणि टोके छाटून टाकतो. काही आठवड्यांनी पुन्हा टोके वाळलेली दिसतात. पुन्हा कात्री येते. असे करता करता पाने आखूड होतात, पण दुखणे काही जात नाही. कारण कात्री वाळलेला भाग काढू शकते. वाळण्याचे कारण तिला काढता येत नाही.

टोकच का वाळते, हे समजून घेण्यासारखे आहे. या झाडाचे पान गवताच्या पानाप्रमाणे बुडापासून वाढते. म्हणजे टोक हा पानाचा सर्वांत जुना भाग असतो. मुळांनी ओढलेले पाणी पानातून टोकाकडे जाते आणि तेथून वाफ होऊन उडून जाते. पाणी उडते, परंतु त्यात विरघळलेले क्षार उडत नाहीत, ते टोकाशी साचत राहतात. समुद्राचे पाणी आटले की मिठागरात मीठ उरते, तसाच हा प्रकार. साचलेल्या क्षारांनी टोकाकडील पेशी मरतात आणि ते तपकिरी होते.

हे क्षार येतात कोठून? काही पाण्यातून येतात, काही खताच्या अतिरेकातून. पुण्याच्या मोठ्या भागाला खडकवासल्याच्या धरणातून शुद्ध केलेले पाणी मिळते. त्यात जंतुनाशासाठी क्लोरीन घातलेला असतो. हे पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवले, तर क्लोरीन बराचसा उडून जातो. अनेक इमारतींत विंधनविहिरीचे पाणी वापरतात. ते जड असते व त्यात क्षार अधिक असतात. कुंडीच्या काठावर पांढरी खर जमलेली दिसली, तर ती या क्षारांचीच खूण समजावी. अशा वेळी कुंडी न्हाणीघरात नेऊन तिच्यात भरपूर चांगले पाणी ओतावे व ते तळातून वाहून जाऊ द्यावे. म्हणजे साचलेले क्षार धुऊन निघतात. पावसाचे पाणी तर सर्वांत उत्तम. पावसाळ्यात कुंडी दोन तास सज्जाच्या कडेला पावसात ठेवली, तर पानांवरील धूळही जाते आणि मातीतील क्षारही.

कारण शोधून झाल्यावर मग खुशाल कात्री घ्यावी. ती धारदार असावी आणि साबणाने धुऊन कोरडी केलेली असावी. अस्वच्छ कात्रीने एका झाडाचा रोग दुसऱ्याला जातो. वाळलेले टोक सरळ आडवे कापले, तर पान मोडक्या फुटपट्टीसारखे दिसते. म्हणून दोन्ही बाजूंनी तिरके कापून पानाचा मूळचा निमुळता आकार राखावा. कापताना वाळलेल्या भागाची दोऱ्याएवढी कड ठेवावी. हिरव्या भागाला कात्री लागली, तर नवी जखम होते आणि ती कडही पुन्हा वाळते. संपूर्ण पिवळे पडलेले पान मात्र अर्धे ठेवू नये. ते बुडापाशी कापावे. एकाच दिवशी झुबक्याच्या पाव भागाहून अधिक पाने काढू नयेत. पान म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर असते. सगळी स्वयंपाकघरे एकदम बंद केली, तर झाड काय खाणार?

यानंतर उरतात त्या लोंबत्या दांड्या. त्यांचा संबंध दिवसाच्या लांबीशी आहे. पुण्यात जूनच्या अखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस सुमारे अकरा तासांचा. काही आठवडे दिवस बारा तासांहून लहान आणि रात्री मोठ्या राहिल्या, की या झाडाला पिले धरण्याची प्रेरणा मिळते. झाडापाशी घड्याळ नाही की पंचांग नाही, तरी त्याला ऋतू कळतो!

केळीच्या बुडाशी जसे मुनवे फुटतात, तशीच ही पिले समजावीत. फरक इतकाच, की ती जमिनीतून न येता हवेत लोंबतात. रानात दांडी वाकून जमिनीला टेकली की पिलू तेथे मूळ धरते आणि झाड एक पाऊल पुढे सरकते. घरातील खिडकीत त्याला टेकण्यास जमीन मिळत नाही. ती मिळवून देणे हे माळ्याचे काम. पिलाच्या बुडाशी पांढऱ्या मुळांचे बारीक उंचवटे दिसू लागले, की शेजारी मातीने भरलेली लहान कुंडी ठेवावी आणि पिलू दांडीसकट तिच्यात अलगद टेकवावे. दांडी लगेच कापू नये. नवी मुळे धरेपर्यंत आईकडून त्याला पाणी व अन्न मिळत राहते. तीन-चार आठवड्यांनी पिलू हलकेच ओढून पाहावे. ते मातीला घट्ट धरून बसले असेल, तर दांडी कापावी. झाड अशक्त असेल, तर मात्र सगळी पिले वाढू देऊ नयेत. काही दांड्या बुडापाशी कापल्या, म्हणजे झाडाची शक्ती वाचते.

वर्ष-दोन वर्षांनी जाड मुळांनी कुंडी गच्च भरते. कधी कधी मुळे माती वर उचलतात, तर कधी प्लास्टिकची कुंडी फुगवतात. पावसाळ्याच्या आरंभी असे झाड काढून थोड्या मोठ्या कुंडीत लावावे. काळी, मऊ, कुजलेली मुळे कापावीत आणि पांढरी, टणक मुळे राखावीत. झुबका फार मोठा असेल, तर मुळांसकट त्याचे दोन भाग केले तरी दोन्ही जगतात. पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर ओल्या फडक्याने पुसून काढावा.

या झाडाविषयी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते, की ते घरातील हवा शुद्ध करते. या समजुतीचे मूळ १९८९ साली अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. हवाबंद लहान पेट्यांत निरनिराळी झाडे ठेवली असता काही विषारी वायूंचे प्रमाण घटल्याचे त्यांत आढळले. परंतु घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करण्यात आला. तेव्हा असे दिसले, की खिडक्या-दारांतून सहज जितकी हवा बदलते, तितका परिणाम साधण्यास दर चौरस मीटर जमिनीवर किमान दहा आणि कदाचित हजारपर्यंत झाडे ठेवावी लागतील. हवा शुद्ध हवी असेल, तर खिडकी उघडावी. झाडावर प्रेम करण्यासाठी त्याच्या अंगी नसलेले गुण त्याला चिकटविण्याची गरज नाही.

आफ्रिकेतून आलेल्या या पाहुण्याचे नातलग आपल्या सह्याद्रीतही राहतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पावसाळ्याच्या आरंभी डोंगराकाठच्या बाजारांत फोडशी किंवा कुळी नावाची रानभाजी विकावयास येते. तिची गवतासारखी पाने पाहिली, की स्पायडर प्लांटची आठवण व्हावी. ती याच क्लोरोफायटम वर्गातील वनस्पती आहे. आयुर्वेदात प्रसिद्ध असलेली सफेद मुसळीही याच वर्गातील. तिच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी मुंबईजवळच्या बोरिवलीवरून 'बोरिविलियानम' हे नाव दिले आहे. पाऊस सरला की तिची पाने वाळून जातात आणि मांसल मुळे पुढच्या मृगाची वाट पाहत जमिनीखाली निजून राहतात. या मुळांना मोल आले आणि तेच तिच्या मुळावर आले. मूळ खणले की झाड संपते. बी पडण्यापूर्वीच ताटवेच्या ताटवे खणले गेल्याने रानातील सफेद मुसळी दुर्मिळ होत गेली. आता तिची शेती करतात. पण रानातून गेलेली झाडे शेतातील लागवडीने रानात परत येत नाहीत.

एकाच घराण्यातील या दोन वनस्पती. एकीची दांडी विचारपूर्वक कापली, तर एकाची दोन झाडे होतात. दुसरीचे मूळ विचार न करता खणले, तर डोंगराचा एक उतार ओका होतो. कात्री काय किंवा कुदळ काय, हत्यार स्वतः चांगलेही नसते आणि वाईटही नसते. ते हातात धरणाऱ्याने आधी झाडाकडे पाहिले किंवा नाही, यावर सारे अवलंबून असते.

खिडकीत वाढलेल्या झाडाचे एखादे पिलू लहानशा कुंडीत घालून शेजारच्या घरी द्यावे. देताना एवढेच सांगावे, की याला रोज पाणी घालू नका. रोज त्याच्याकडे पाहा मात्र.

अभ्यास

१. जमिनीतील झाड आणि कुंडीतील झाड यांच्या जीवनात कोणता फरक आहे?
२. माती ओली असूनही झाड तहानेने सुकते, ते कसे?
३. पानांची टोके वाळण्याचे कारण मिठागराच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. पिलाची दांडी लगेच का कापू नये?
५. 'मोल आले' आणि 'मुळावर आले' या शब्दप्रयोगांचे अर्थ सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
६. आपल्या घरातील किंवा शाळेतील एका कुंडीची माती रोज बोटाने तपासा. ती किती दिवसांनी कोरडी होते, याची एक महिना नोंद ठेवा आणि आढळलेला फरक दहा ओळींत लिहा.